सव्वातीन मालिनी

तिसरी सोलापुरी चादर खिडकीच्या चौकटीला ठोकता ठोकता मालिनीबाईंनी हातोडी अंगठ्यावर मारून घेतली. तोंडून गेलेला शब्द कॉटवर बसलेल्या नणंदेने ऐकला असणारच, पण कुमुदिनीने तसं दाखवलं नाही. डिसेंबरातली दुपार होती. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि अंबरनाथमधली सगळी शहाणी माणसं या वेळी जेवून आडवी झाली होती.

"उजवीकडे अजून फट आहे," शरदचंद्र खुर्चीतून म्हणाले.

"दिसतेय मला."

"बोटभर फटीतून आलेला उजेडसुद्धा रंग मारतो. मधू म्हणाला होता."

मधू, त्यांचा मुलगा, तिकडे डार्विनला बसून काहीही म्हणत होता. खिळे इथे मालिनीबाईंना ठोकावे लागत होते. जुलैत त्याने आईवडिलांना ऑस्ट्रेलियाला बोलावून घेतलं, दीड महिना ठेवून घेतलं, तिथलं एक भलंमोठं राष्ट्रीय उद्यान तीन दिवस फिरवून दाखवलं आणि निघताना वडिलांच्या हातात ऐंशी स्लाइड्सचा डबा ठेवला. तेव्हापासून या घराची रया गेली होती. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आज नववा खेळ होता आणि नवलाई एकट्या शरदचंद्रांच्या अंगात तेवढी उरली होती.

प्रोजेक्टर स्वतःचा नव्हता. तो दर वेळी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका फोटो स्टुडिओतून भाड्याने आणायचा. येताना शेअर रिक्षात शरदचंद्र स्लाइड्सचा डबा पोटाशी धरून बसत आणि प्रोजेक्टर मालिनीबाईंच्या मांडीवर असे. शेजारी जीन्सचे गठ्ठे घेतलेला कोणी कारागीर त्यांना आणखी कोपऱ्यात दाबत असे. स्टुडिओच्या सिंधी मालकालाही आता त्यांची दया येऊ लागली होती. "भाभीजी, इस बार भी वही ऑस्ट्रेलिया?" त्याने कालच विचारलं होतं.

शेवटी अंधार झाला. कुमुदिनी आणि तिचे यजमान बदलापूरहून खास आले होते. ते दोघं कॉटवर सावरून बसले. भिंतीवरच्या चादरीवर निळं आकाश उमटलं, तांबडा कडा उमटला, कड्यावरून पडणारी पाण्याची पांढरी रेघ उमटली.

"हा धबधबा. उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसतो ना, ती मालिनी," शरदचंद्र म्हणाले. "आमची ही बरोब्बर पाच फूट शून्य इंच. आता मोजा. ऐंशी मालिनी!"

यजमान हसले. कुमुदिनी मालिनीबाईंकडे बघून अर्धवट हसली.

शरदचंद्रांनी चौतीस वर्षं एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली होती. माप नसलेलं चित्र म्हणजे नुसत्या रेघोट्या, हे त्यांचं ब्रीदवाक्य. टेबलावर पट्टी ठेवावी तशी त्यांनी त्या अख्ख्या उद्यानात बायको ठेवली होती. झाडापाशी मालिनी, कड्यापाशी मालिनी, नदीतल्या होडीत मालिनी आणि पलीकडच्या काठावर ऊन खात पडलेली मगर. त्या मगरीचासुद्धा अंतरानुसार हिशेब करून त्यांनी आकडा काढला होता: तीन मालिनी, आडव्या.

"आपल्या कोंडेश्वरच्या धबधब्यासारखंच आहे की हो," यजमान म्हणाले.

"कोंडेश्वर?" शरदचंद्रांचा आवाज चढला. "कोंडेश्वर किती? सहा मालिनी, फार तर सात!"

मालिनीबाईंना त्या धबधब्याचं काहीच आठवत नव्हतं. आठवणार कुठून? तोंड कायम कॅमेऱ्याकडे. धबधबा त्यांनी पाठीने ऐकला होता, आणि मानेवर तुषार झेलले होते. वळून बघावं म्हटलं की "हलू नकोस", आणि फोटो झाला की "चल, चल, गाडी निघेल". एवढा सातासमुद्रापारचा प्रवास, आणि बघून काय आल्या, तर कॅमेऱ्यामागचा नवरा. तो तर त्यांना अंबरनाथलाही दिसत होता.

चौसष्टाव्या स्लाइडला दार वाजलं.

"उघडू नकोस!" शरदचंद्र ओरडले.

मालिनीबाईंनी उघडलं. दारात विठा उभी होती, डोक्यावर टोपली. बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी तिचा ठाकरांचा पाडा. दर आठवड्याला ती रानातलं काही ना काही घेऊन दारावर यायची. मालिनीबाईंनी तिचा हात धरून आत ओढलं आणि दार लावलं. विठा टोपली उतरवून तिथेच उंबऱ्याशी बसली. चादरीवर सुती झगा घातलेली एक काळी, वयस्क बाई अनवाणी उकिडवी बसून काठीने जमीन खणत होती.

"ही आमची गाइड," शरदचंद्र सांगत होते. "तिथली मूळची आदिवासी. कंद काढून दाखवतेय."

"बाय, यो त कडूकांदा!" विठा मोठ्याने म्हणाली. "वाहत्या पान्यात ठेवते का ती? ठेवाया लागतो. नायतर घसा धरतो."

सगळे हसले. मालिनीबाई मात्र दचकल्या. टोपलीत भरून रात्रभर ओढ्यात ठेवायचा, मग खायचा, असं त्या गाइडबाईने खुणा करून सांगितलं होतं. शरदचंद्र तेव्हा रोल बदलत होते.

"हो, ठेवते," त्या हळूच म्हणाल्या.

पुढच्या स्लाइड्स भराभर सरकल्या. मग शरदचंद्रांनी हातातलं बटण खाली ठेवलं, घसा साफ केला आणि नऊ खेळांत घोटून घोटून गुळगुळीत झालेलं वाक्य म्हटलं. "आता जे दाखवणार आहे ते तुम्हाला जगात कुठे बघायला मिळणार नाही. याचा फोटो काढायला सक्त मनाई आहे. आणि तरीही आज ते अंबरनाथमध्ये आहे!"

खट्ट.

खडकावर रंगवलेल्या त्या चित्रात काय होतं, ते इथे सांगायचं कारण नाही. मालिनीबाईंनाही ते धड माहीत नव्हतं. एकाहत्तर नंबर आला की त्या नऊही वेळा पायाच्या अंगठ्याकडे बघत बसल्या होत्या. चित्राच्या डाव्या कडेला त्यांचा स्वतःचा खांदा आला होता, अस्पष्ट, निळ्या स्वेटरमधला. तेवढा त्यांना माहीत होता.

"कशापायी मनाई?" विठाने त्यांच्या कानाशी विचारलं.

"त्यांच्या देवादिकांचं आहे. बघायचं, पण काढून न्यायचं नाही."

विठाने पदर डोळ्यांवर ओढला आणि दाराकडे तोंड करून बसली.

बहात्तराव्या स्लाइडला पुन्हा हशा पिकला. ते वाळवीचं वारूळ होतं, देवळाच्या शिखरासारखं उंच, आणि पायथ्याशी पर्स पोटाशी धरून, उन्हाने डोळे बारीक केलेल्या मालिनीबाई. "सव्वातीन मालिनी!" शरदचंद्रांनी जाहीर केलं. हा आकडा नेहमीच हमखास टाळी घ्यायचा.

चहा करायला त्या स्वयंपाकघरात गेल्या तशी विठाही टोपली घेऊन मागोमाग आली. करांद्याचे कंद निवडून ताटात काढता काढता म्हणाली, "आमचे लगनात भितीव देवाचा चौक लिवतात ना, बाय. त्याव फडका टाकलेला असतो. भगत येई तवर कोनी उघडायचा नाय."

"आणि उघडलाच कोणी तर?"

विठा करांदा हातात धरून थांबली. असा प्रश्न तिला कधी पडलाच नसावा. "कोन उघडील? सगळ्यांना ठावं असतंय ना." मग तिने मालिनीबाईंकडे बघितलं. "तुमाला नवतं ठावं?"

चहा उतू गेला. मालिनीबाईंनी तो पुसला, गॅस बारीक केला आणि फडकं पिळून नळावर टाकलं. खोटं बोलणं अगदी सोपं होतं.

"मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

सांगितलं होतंच. शेवटच्या खडकापाशी ती गाइडबाई थांबली होती आणि सगळ्यांना हात वर करून म्हणाली होती, हे डोळ्यांनी बघा, सोबत नेऊ नका. मालिनीबाईंचं इंग्रजी बेताचं, तिचंही काही साहेबी नव्हतं. त्यामुळे दोघींचं एकमेकींना नीट समजत होतं. तीन दिवसांत तिने मालिनीबाईंना मुलं किती विचारलं होतं, पायात काटा गेला तो काढून दिला होता. शरदचंद्रांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट करून ती म्हणाली, "तू सांग हं त्याला." मालिनीबाई म्हणाल्या होत्या, "येस."

आणि सांगितलंही होतं त्यांनी. शरदचंद्रांनी मान डोलावली. मग गाइडबाई एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाला पाणी द्यायला वळली, तेवढ्यात ते पुटपुटले, "मालिनी, माझ्यापुढे उभी राहा. तिला दिसता कामा नये. एक पाऊल डावीकडे."

तीस वर्षांची सवय. डोक्यात काही यायच्या आत पाऊल पडलेलं होतं. कानामागे खट्ट झालं.

निरोपाच्या वेळी त्या बाईने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि थँक यू म्हटलं. ऐकलंत म्हणून थँक यू. तो हात मालिनीबाईंना अजून, भांडी घासतानासुद्धा, मध्येच जाणवायचा आणि मग त्यांना स्वतःचा भयंकर राग यायचा. नवऱ्याचा यायचा तो वेगळा.

संध्याकाळी कुमुदिनी आणि तिचे यजमान गेल्यावर त्यांनी चादरींचे खिळे उपसले आणि एकदाचं बोलून टाकलं.

"ती एकाहत्तरावी काढून टाका."

"कुठली?"

"तुम्हाला माहीत आहे कुठली."

शरदचंद्र स्लाइड्स मऊ फडक्याने पुसत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "मालिनी, अगं, तीच तर मुख्य आहे. शनिवारी क्लबात खेळ आहे. शंकररावांनी फळ्यावर लिहूनसुद्धा टाकलंय."

"तिने नको म्हटलं होतं."

"चित्र तिथेच आहे. मी काय खरवडून आणलंय?"

"मी तिला हो म्हटलं होतं."

"तू म्हटलं होतंस," शरदचंद्र अगदी शांतपणे म्हणाले. "मी नव्हतं म्हटलं."

मालिनीबाईंनी हात टेकले. शरदचंद्र काही वाईट नव्हते. त्यांनी कधी कुणाची सुपारी उधार खाल्ली नव्हती, कारखान्यातून पेन्सिलसुद्धा घरी आणली नव्हती. पण कागदावर आलं की ते चित्र आपलं, ही त्यांची चौतीस वर्षांची समजूत, आणि ती त्यांच्या डोक्यातून काढायला आता कारखान्यातली एखादी मशीनच लागली असती.

शुक्रवारी दुपारी शरदचंद्र दाढी करायला गेले असताना मालिनीबाईंनी डबा उघडला. एकाहत्तरावी स्लाइड बोटांत धरली. दोन इंचांची पुठ्ठ्याची चौकट. गॅसवर धरली तर क्षणात जळून जाईल. उजेडाकडे मात्र त्यांनी ती धरली नाही. चोरून काढलेलं चोरून जाळायचं, म्हणजे त्या बाईच्या पाठीमागे आणखी एकदा काहीतरी करायचं. शिवाय शरदचंद्र म्हणणार, हरवली, आणि हळहळणार, आणि सगळे मिळून हळहळणार. छे. त्यांनी स्लाइड परत खाचेत ठेवली आणि डबा आपटून बंद केला.

शनिवारी सहाला कारखान्याच्या निवृत्त लोकांच्या क्लबाचा हॉल भरला. साठेक माणसं असतील. दाराशी फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं: 'ऑस्ट्रेलियाचे जंगल. मुख्य आकर्षण: छायाचित्रणास बंदी असलेले चित्र!' सेक्रेटरी शंकररावांनी शरदचंद्रांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मालिनीबाईंना कोणीतरी गुलाबाचं फूल दिलं. ते कुठे ठेवावं हे न कळून त्यांनी ते पर्समध्ये टाकलं.

प्रोजेक्टर हॉलच्या मधल्या वाटेत टेबलावर होता. पांढरा पडदा चांगला दहा फुटी. शरदचंद्र टेबलामागे बटण घेऊन उभे राहिले, मालिनीबाई टेबलाच्या डाव्या बाजूला. स्लाइड अडकली तर ट्रे हलवायला. दिवे गेले. कडा आला, धबधबा आला.

"ऐंशी मालिनी!"

हॉल हसला. आज आवाजच मोठा होता, साठ माणसांचा. पुढच्या रांगेतलं कोणीतरी "वहिनी, उभ्या राहा, मोजू द्या!" म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. मालिनीबाई अंधारात उभ्याच होत्या. मगर झाली. कंद खणणारी बाई आली आणि गेली. तेवढा वेळ त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिच्या तळव्यांच्या भेगा आज पडद्यावर स्पष्ट दिसत होत्या. अशाच विठाच्याही होत्या, आणि कधी लक्ष दिलं तर त्यांच्या स्वतःच्याही.

सत्तर नंबर गेला. शरदचंद्रांनी घसा साफ केला.

"आता जे दाखवणार आहे, ते तुम्हाला जगात कुठे बघायला मिळणार नाही."

खुर्च्या करकरल्या. लोक पुढे सरकून बसले.

"याचा फोटो काढायला सक्त मनाई आहे. आणि तरीही आज ते..."

मालिनीबाईंनी एक पाऊल उजवीकडे टाकलं.

एवढंच. धावल्या नाहीत, बटण हिसकावलं नाही. टेबलापुढे, भिंगासमोर हातभर अंतरावर जाऊन त्या उभ्या राहिल्या, सगळ्या फोटोंत असतात तशा: पर्स पोटाशी, तोंड नवऱ्याकडे. खट्ट झालं. डोळ्यांत पांढरा झगझगीत उजेड घुसला आणि मागचा दहा फुटी पडदा त्यांच्या सावलीने काळा झाला. चित्र सगळं त्यांच्या अंगावर पडलं होतं. मोतिया रंगाच्या साडीवर, निऱ्यांत, पदरात, तांबूस आणि पिवळं असं काहीतरी चुरगळून पडलं होतं. त्यातून कोणालाही काही कळलं नसतं.

"काय झालं? बल्ब गेला का?" मागून शंकररावांनी विचारलं.

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. उजेडापलीकडे शरदचंद्रांचा चेहरा मालिनीबाईंना दिसत नव्हता. नुसता आवाज आला, खालच्या पट्टीतला, त्यांनाच ऐकू जाईल असा.

"मालिनी. एक पाऊल डावीकडे."

पाय हलणार होता. खरंच हलणार होता. चप्पल थोडी सरकलीही. मग त्यांनी तो जमिनीवर घट्ट दाबून ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी तिला हो म्हटलं होतं."

पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी हसलं, सवयीने, आणि दुसरं कोणी हसेना म्हणून थांबलं. मालिनीबाईंच्या डोळ्यांना उजेडाने पाणी आलं. पुसायला हात वर करावा तर हातावरही ते चित्र होतं, म्हणून त्यांनी हात खालीच ठेवला. किती वेळ गेला कोण जाणे. घरी गेल्यावर काय होईल, चादरी, खिळे, बोलणं, अबोला, सगळं त्यांच्या डोक्यात येऊन गेलं आणि त्यातल्या कशाचीही त्यांना फारशी भीती वाटली नाही.

खट्ट.

साडीवरचा तांबूस रंग गेला आणि निळा आला.

"वहिनी, आता सरका बाजूला. काही दिसत नाही," कोणीतरी म्हणालं.

त्या बाजूला झाल्या. पडद्यावर वारूळ होतं, शिखरासारखं उंच, आणि पायथ्याशी उन्हाने डोळे बारीक केलेल्या, पर्स धरलेल्या त्याच. हॉलमध्ये हायसं वाटल्यासारखी हालचाल झाली. हे सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

"शरदराव, सांगा," शंकरराव मोठ्याने म्हणाले. "हे किती मालिनी?"

शरदचंद्र पडद्याकडे बघत उभे होते. खांद्यावरची शाल एका बाजूने घसरली होती आणि ती सावरायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"मोजलं नाही," ते म्हणाले.